बाईंचा खोटा हिरवा

बाई, आपला वाद अर्धाच राहिला. बुधवारी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी तुम्हाला म्हटलं, "मुलं पडद्याशी भांडतील बाई, जिवंत माणसाशी नाही भांडणार." तुम्ही डब्याचं झाकण दाबून लावलंत, रुमालाला हात पुसलेत, "उद्या बोलू गो," म्हणालात आणि नववी ब च्या वर्गावर निघून गेलात. गुरुवारी सकाळी तुम्ही गेल्याचा तुमच्या सुनेचा फोन आला. म्हणजे शेवटचं वाक्य माझं ठरलं, आणि तेच मला पटत नाही. इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी शेवटचं बोलू दिलं नाहीत. एकदा तर रिक्षात बसून निघाल्यावर कोपऱ्यावरून रिक्षा वळवून आणलीत, फाटकाशी मला गाठलंत, राहिलेला मुद्दा सांगितलात आणि मगच बाळकुमला घरी गेलात. रिक्षावाला आपल्या दोघींकडे बघत डोकं खाजवत होता.

तुमचा जन्म, पदव्या, सेवेची वर्षं हे सगळं शाळेच्या फलकावर रंगीत खडूने लिहून झालंय. ते वाचून मला तुमची आठवण आली नाही, खरं सांगते. त्यात कुठेही तुमचा आवाज नव्हता. आणि माझ्यापुढे वेगळीच अडचण उभी राहिली. नवीन शिक्षक मिळेपर्यंत, उद्या सोमवारपासून, नववी ब चं गणित माझ्याकडे आलंय. मुख्याध्यापक सरांनी शुक्रवारी मला बोलावून शांतपणे सांगितलं, "वैशाली मॅडम, बाईंचा तो कार्डांचा प्रकार चालू ठेवायचा की बंद करायचा ते तुम्ही ठरवा. पण पालकांची पुन्हा तक्रार नको." मी शनिवारी सांगते म्हणाले. त्यांना वाटलं असेल की मी बंदच करणार, कारण त्या प्रकाराला विरोध करण्यात मीच सगळ्यांत पुढे होते. तो विरोध मी तुमच्या तोंडावर केला होता. तुम्ही नसताना त्याच विरोधाच्या जोरावर तुमचं काम बंद करायचं हे मला जमण्यासारखं नव्हतं, आणि निव्वळ गहिवरून ते चालू ठेवायचं हेही नव्हतं. तुम्हीच ओरडला असतात.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. मी डोंबिवलीहून या कळव्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले तेव्हा संगणकाचं थोडंफार येत होतं, म्हणून शाळेतल्या सगळ्या वायरी माझ्या गळ्यात पडल्या. तुम्ही मला वायरवाली म्हणायचात. त्यानंतर वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याने शाळेला दोन मोठे डिजिटल फळे दिले. मी अगदी नाचायचीच बाकी होते. सगळे शिक्षक जमले, मी बोटाने आकृत्या फिरवून दाखवल्या, माणसाचं हृदय धडधडताना दाखवलं. सगळ्यांनी वा वा केलं. तुम्ही मागे उभ्या होतात. तुम्ही एकच विचारलंत, "ह्याला पुसायचं कसं?" मी कोपऱ्यातलं बटण दाबलं आणि सगळं एका क्षणात गेलं. तुम्ही म्हणालात, मग हे माझ्या कामाचं नाही.

मला त्या वेळी वाटलं, जुन्या वळणाच्या आहेत, घाबरल्यात. पुढे कधीतरी तुमच्या तासाला मागे बसले तेव्हा कळलं की तुमचं सगळं शिकवणं त्या डस्टरवर चालायचं. तुम्ही प्रश्न विचारायचात आणि वर्गाकडे पाठ करून फळा पुसायला लागायचात. फळा कोरा असला तरी पुसायचात, वरून खाली, सावकाश, कोपरे सुद्धा. मुलांना वाटायचं बाईंना स्वच्छतेचं फार वेड आहे. तुम्ही मला सांगितलंत की शिक्षक बघत असला की मूल प्रश्न वाचत नाही, शिक्षकाचा चेहरा वाचतं. भुवई जरा उडाली की उत्तर बदलतं. त्यापेक्षा त्यांना माझी पाठ बघू दे, पाठीवर काही लिहिलेलं नाही. आणि उत्तर आलं की बरोबर असो वा चूक, तुमचा चेहरा तोच असायचा. बरं, आणखी कोण, एवढंच. दोन-तीन जण बोलल्याशिवाय बरोबर हा शब्द तुमच्या तोंडून निघायचा नाही. नवीन मुलं याने पार वैतागून जायची.

मला ती पद्धत आवडली, पण पुरेशी वाटली नाही, आणि हे मी आजही म्हणेन. तुमच्या वर्गात बोलणारी मुलं छान बोलायची. न बोलणारी वर्षभर न बोलता दहावीला जायची. हात वर न करणाऱ्या मुलाच्या डोक्यात काय चाललंय हे तुमच्या डस्टरला कळत नव्हतं. त्यासाठी मी ती कार्डं आणली. तुम्हाला आठवतंय, मी ती घरी छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून आणली होती. प्रत्येक मुलाला एक कार्ड, प्रत्येकावर काळ्या चौकोनांची वेगळी नक्षी, चार बाजूंना चार पर्याय. आपलं उत्तर असलेली बाजू वर करून कार्ड धरायचं. मी फोन वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते फोन टिपतो, आणि डिजिटल फळ्याच्या पडद्यावर एकेका मुलाचा क्रमांक उमटतो. बरोबर असेल तर हिरवा, चूक असेल तर लाल. मुलांकडे फोन लागत नाही, इंटरनेट नसलं तरी भागतं. आपल्या शाळेतल्या मुलांसाठी याहून चांगली सोय मला तरी अजून सापडलेली नाही.

आणि त्या कार्डांनीच मला प्राची दाखवली. प्राची नववी ब मध्ये खिडकीकडच्या रांगेत बसते. आठवीचं अख्खं वर्ष तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. उत्तर विचारलं की उभी राहायची आणि बेंचकडे बघायची, मग आपणच दया येऊन बस म्हणायचो. कार्डं सुरू झाली आणि तिचा क्रमांक सतत हिरवा यायला लागला. एकदा नाही, दरवेळी. मी धावत तुमच्याकडे आले, बघा म्हणाले, या पोरीला सगळं येतं आणि आपल्याला पत्ता नव्हता. तुम्ही पडदा बघितलात, मान डोलावलीत आणि म्हणालात, छान, पण आवाज अजून ऐकला नाही मी तिचा. मला इतका राग आला. कुठल्याही गोष्टीत पटकन आनंद मानायचा नाही असा तुमचा नेमच होता की काय! तरीही दुसऱ्या दिवशी तुम्हीच आलात आणि म्हणालात, मला शिकव ते यंत्र.

शिकणाऱ्या म्हणून तुम्ही भयंकर होतात. चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब, आणि प्रत्येक बटणाला हे का, ते का. तुमच्या मुलाने दिलेला फोन तुम्ही फक्त मासळीवालीला फोन करायला वापरायचात. पण तुम्ही शिकलात, आणि मनासारखं जमेपर्यंत मला हलू दिलं नाहीत. नववी ब मध्ये पहिल्यांदा कार्डं वापरलीत त्या दिवशी मी मदतीला वर्गात होते. तुम्ही स्वतः प्रश्न भरला होतात: चौरसाची बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ किती पट होईल? पर्याय दोन, तीन, चार, आठ. मुलांनी कार्डं वर केली. मी फोन फिरवला. पडदा उजळला, आणि दोन म्हणणारे सगळे हिरवे झाले.

तुम्ही बरोबर उत्तराच्या जागी चुकून दोनवर बोट ठेवलं होतंत. मी लगेच पुढे सरले, चूक दुरुस्त करावी म्हणून. तुम्ही माझा हात धरलात. इतका घट्ट धरलात की मी बघतच राहिले. तुमची नजर खिडकीकडच्या रांगेवर होती. प्राचीचं उत्तर चार होतं, ते लाल झालं होतं. तिने पडद्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं, दप्तरातून खोडरबर काढलं आणि वहीत लिहिलेलं चार खोडायला लागली. तिने आकृती काढली होती, चार लहान चौकोन भरले होते. तेही खोडलं. चार म्हणणारी आणखी पाच-सहा मुलं होती. कुणी काही बोललं नाही. हिरवी झालेली मुलं टाळ्या पिटत होती.

तुम्ही चूक दुरुस्त केली नाहीत. तास तसाच संपवलात. बाहेर व्हरांड्यात तुम्ही मला म्हणालात, "बघितलंस? पोरीने बरोबर उत्तर पुसलं. फळा मी पुसते, आणि उत्तर ती पुसते." तुम्ही कठडा धरून उभ्या राहिलात. तुम्हाला असं मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, तुमचे वडील गेले तेव्हा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात कागद वाटलेत, घड्या घालून चौरस करायला लावलेत, आणि मुलांना स्वतःच्या हाताने चार मिळाले. मग विचारलंत, काल कुणाकुणाचं उत्तर चार होतं? थोडे हात वर आले. मग बोलला का नाहीत? तुम्ही नेहमीप्रमाणे पाठ केलीत आणि फळा पुसायला लागलात. खालच्या कोपऱ्यापर्यंत पोचलात तेव्हा मागून बारीक आवाज आला, "बाई, स्क्रीनवर आलेलं ना." ती प्राची होती. तिचा आवाज तुम्ही त्या दिवशी ऐकलात.

मधल्या एका रात्रीत मात्र व्हायचं ते झालं होतं. एका मुलाच्या आईने वहीचा फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, शाळेत बाजू दुप्पट तर क्षेत्रफळ दुप्पट असं शिकवतात म्हणून. खाली जोडलेल्या हातांच्या आणि रागावलेल्या चेहऱ्यांच्या इमोजींची रांग लागली. त्या ताई वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत हिशेबाचं काम करतात, त्यांना चूक लगेच दिसली. मुख्याध्यापक सरांनी आपल्या दोघींना बोलावलं. मी आधीच माफीनामा मनात जुळवून ठेवला होता. तुम्ही सरांना म्हणालात, त्या ताईंना माझ्या वर्गात पाठवा, येऊन बसू देत. त्या खरंच आल्या, अर्ध्या दिवसाची रजा टाकून, मागच्या बेंचवर बसल्या. तास संपल्यावर त्यांना सगळं पटलं असं काही झालं नाही. त्या एवढंच म्हणाल्या की मुद्दा कळला, पण माझा मुलगा चुकीचं घेऊन घरी येता कामा नये. मी म्हटलं, हेच मी सांगतेय. तुम्ही आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघितलंत, आणि कबूल केलंत: जे काही असेल ते तास संपायच्या आत उलगडायचं. आपल्या सगळ्या भांडणात मी सरळसरळ जिंकलेली ही एकच गोष्ट, आणि तीही मला त्या ताईंच्या मदतीने मिळाली.

त्यानंतर सुरू झाला तो तुमचा खोटा हिरवा. दर शुक्रवारी कार्डांचे प्रश्न, आणि त्यातल्या एकाचं उत्तर तुम्ही जाणूनबुजून चुकीचं भरायचात. कुठलं ते सांगायचं नाही. पडद्यावर जे हिरवं होईल ते बरोबर असेलच असं नाही एवढंच मुलांना ठाऊक. शंका आली की हात वर करायचा आणि कारण सांगायचं. नुसतं चूक आहे म्हणून चालायचं नाही. दोन मूळ संख्यांची बेरीज नेहमी सम असते, याला तुम्ही हिरवा दिलात त्या दिवशी अर्धा वर्ग खूश होता. तिसऱ्या बेंचवरचा सोहम उठला आणि म्हणाला, दोन आणि तीन घ्या बाई, पाच होतात. तुम्ही म्हणालात, बरं, आणखी कोण? आणि मग मुलं आपसात तावातावाने बोलायला लागली. दोन ही मूळ संख्या आहे की नाही यावर दोन रांगांमध्ये जुंपली.

सगळ्यांत भारी होतं ते तुमचं एक शुक्रवारचं नाटक. त्या दिवशी तुम्ही एकही उत्तर चुकीचं भरलं नाहीत. मुलांनी प्रत्येक हिरव्यावर शंका घेतली, प्रत्येक तपासला, एकमेकांच्या वह्या ओढल्या. शेवटी तुम्ही म्हणालात, आज सगळंच बरोबर होतं. वर्ग हिरमुसला, मग एकदम हसला. मी दारातून बघत होते. आतापर्यंत इतक्या वेळा कार्डं वापरली मी, पण एवढ्या काळजीने बरोबर उत्तरं तपासणारी मुलं मला माझ्या वर्गात कधी दिसली नव्हती. तेव्हा मी तुम्हाला हे सांगितलं नाही. पोर्शन मागे पडतोय असं मात्र नक्की सांगितलं. ते खरंही होतं, आणि मला तेच सांगायचं सोपं होतं.

आणि तरी मी भांडतच राहिले. माझं म्हणणं होतं की हा खेळ आहे. मुलांना नियम माहीत आहे की शुक्रवारी पडदा खोटं बोलतो, म्हणून ती हात वर करतात. पडदा म्हणजे निर्जीव वस्तू, त्याला काय लागतं? उद्या खरा माणूस, मोठा माणूस, भाषणात काही चुकीचं बोलला तर हीच मुलं माना डोलावतील. तुम्ही त्यांना धीट करताय असं तुम्हाला वाटतं बाई, पण तुम्ही त्यांना फक्त शुक्रवारची सवय लावताय. तुम्हाला हे झोंबायचं. तुम्ही म्हणायचात, सवयीनेच धीट होतात माणसं, आणखी कशाने होतात? मी म्हणायचे, मारामारीने. मग तुम्ही हसायचात आणि भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या डब्यात टाकायचात. तांदळाची भाकरी आणि करंदीचं, म्हणजे बारीक कोळंबीचं, सुकं. मी घरी तसं करून बघितलं, नाही जमलं. तुमच्या सुनेला विचारीन म्हणते.

तुम्हाला हे सगळं एवढं का लागायचं, ते मला गेल्या हिवाळ्यात तुमच्या घरच्या गच्चीवर कळलं. तुम्ही मला बाळकुमला जेवायला बोलावलं होतंत. गच्चीवरून खाडीच्या बाजूला उभे टॉवर दिसत होते आणि तुम्ही बोटाने दाखवत होतात, इथे आमची मिठागरं, तिथे भातशेती, ह्या टॉवरच्या जागी आमचा आंबा. त्यात दुःखाचा सूर अजिबात नव्हता, उलट टॉवरमधली मुलं शिकवणीला येतात म्हणून खूशच होतात. मग तुम्ही सहज सांगितलंत की सातवीत ठाण्याच्या शाळेत तुम्ही एकटीच आगरी मुलगी होतात. सरांनी फळ्यावर एक गणित चुकवलं, तुम्हाला ते दिसलं, वहीत तुम्ही बरोबर सोडवलं होतंत. पण उठून बोलायचं तर आपल्या बोलीत बोलावं लागणार आणि सगळा वर्ग हसणार. तुम्ही वहीतलं खोडलंत आणि फळ्यावरचं उतरवून घेतलंत. मग एकदम तुमच्या घरच्या बोलीत म्हणालात, "मना सांग गो, सरांचा काय राग धरायचा? मना मंजे माजाच राग येतो अजून." खाली तुमचा नातू सायकलची घंटी वाजवत होता आणि तुम्ही त्याला वर बोलावण्यासाठी कठड्यावरून वाकलात.

त्यानंतर मी तुमच्याशी जरा कमी जोरात भांडायला हवं होतं, नाही का? पण मी भांडले, तितक्याच जोरात, आणि तुम्हाला ते आवडायचं हे मला पक्कं ठाऊक आहे. शिक्षकांच्या खोलीत बाकीचे मान डोलावणारे होते. मान डोलावणाऱ्यांचा तुम्हाला कंटाळा होता.

आता कालचं सांगते. काल शनिवारी शाळेने तुमची शोकसभा ठेवली होती. प्रार्थनेच्या मैदानात सगळी मुलं खाली बसली होती. टेबलावर तुमचा फोटो, तो ओळखपत्रावरचा, ज्यात तुम्ही छायाचित्रकारावर रागावल्यासारख्या दिसता. दुसरा मिळाला नाही म्हणे. तुमचा मुलगा, सून आणि नातू पहिल्या रांगेत खुर्चीवर. संस्थेचे दोन पदाधिकारी होते. मुख्याध्यापक सर बोलायला उभे राहिले. ते मनापासून बोलत होते, मला त्यांची चूक काढायची नाही. ते म्हणाले की भोईर बाई म्हणजे शिस्त, भोईर बाई म्हणजे अचूकपणा, आणि मग म्हणाले की आपल्या सगळ्या सेवेत भोईर बाईंनी मुलांना एकही चुकीची गोष्ट शिकवली नाही.

नववीच्या रांगेत एक हात वर गेला. शोकसभेत कुणी हात वर करत नाही, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. प्राचीचा हात होता. सरांना कळेना की हे काय आहे, त्यांना वाटलं तिला बरं वाटत नसेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रांगेजवळ उभ्या असलेल्या पी.टी. सरांनी तिला खाली बस असं खुणावलं. मीही हात उचलला होता, तिला बस म्हणायलाच उचलला होता. मग तो तसाच अर्ध्यावर राहिला, कारण ती उभी राहिली होती आणि खाली बेंचकडे बघायला तिथे बेंच नव्हता. ती सरळ सरांकडे बघत होती.

"सर, हे बरोबर नाही," ती म्हणाली. तिचा आवाज बारीकच होता, पण मैदान इतकं शांत होतं की शेवटपर्यंत पोचला. "बाई आम्हाला चुकीचं शिकवायच्या. मुद्दाम. आम्ही पकडावं म्हणून."

सर मायक्रोफोनपासून जरा मागे सरकले. बेटा, आपण नंतर बोलू, असं म्हणाले. ती बसली नाही. "नंतर नको सर," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं ना." मग सोहम उभा राहिला. त्याच्या मागे आणखी दोघी. कुणी ओरडत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. सोहम म्हणाला की बाई चुकीचं शिकवायच्या आणि आम्ही ते शोधून काढायचो, आणि सगळ्यांत जास्त गणित आम्हाला त्यातच आलं. पदाधिकारी एकमेकांकडे बघत होते. मी पुढे गेले आणि सरांना हळूच म्हटलं, सर, तिला पूर्ण बोलू द्या.

सरांना तुम्ही कमी लेखायचात बाई, पण काल त्यांनी मान राखला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि मायक्रोफोनमध्ये म्हणाले की मी चुकलो, भोईर बाई चुकीचं शिकवत होत्या, आणि हे मला माझ्या विद्यार्थ्यांनी सांगितलं. तुमची सून तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली. मग मैदानात कितीतरी जणांचं तसंच झालं. शोकसभेत हसू आलं म्हणून कुणाला वाईट वाटलं नाही. तुमच्या नातवाने टाळ्या वाजवल्या, त्याला कुणी थांबवलं नाही.

सभा संपल्यावर सतरंज्या गोळा करताना मी सरांना सांगून टाकलं की कार्डं चालू राहतील, शुक्रवारीही, आणि पालकांची तक्रार आली तर माझ्याकडे पाठवा, मी त्यांना मागच्या बेंचवर बसवीन. ते बरं म्हणाले. मग प्राची आली. इतका वेळ धीट होती, आता रडवेली झाली होती. मला म्हणाली, "मॅडम, मी बोलले ते चुकलं का?" मी तिला विचारलं, तुला काय वाटतं? तिने डोळे पुसले आणि नाही म्हणाली. मग मी तिला सांगितलं की बाई असत्या ना, तर मी आत्ता धावत जाऊन त्यांना हे सांगितलं असतं.

"मी पण," ती म्हणाली.

त्यानंतर मला रडू आवरलं नाही, आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. बाई, ती पडद्याशी नाही भांडली. ती मोठ्या माणसाशी भांडली, भर सभेत, आणि तो माणूस तुमची स्तुती करत होता. तुम्ही बरोबर होतात आणि मी चूक होते. हे मी आता कुणालाही सांगायला तयार आहे, फक्त ते ऐकायला तुम्ही इथे हव्या होतात.